चिमीची लोकर

दिघीतल्या आपल्या घराच्या गच्चीवर, पत्र्याखाली, वर्षालीनं चिमी आणि पिंकी हे दोन ससे पाळले होते. साधेसुधे नव्हेत, लोकरीचे अंगोरा. त्यांच्यापायी तिनं चाकणच्या कंपनीतलं पॅकिंगचं काम सोडलं, तेव्हा अख्ख्या गल्लीनं तिला वेड्यात काढलं होतं. आज मात्र रावेतची पूर्वी मॅडम पहिली लोकर घ्यायला येणार होती. हातानं सूत कातणारी बाई, तिला लांब धागाच लागायचा. एकदा तिला माल पसंत पडला की तिच्या मैत्रिणीही वर्षालीकडेच येणार होत्या.

आणि नेमकं आजच सकाळी काय बघावं? चिमी स्वतःच्याच छातीची लोकर तोंडानं उपटत होती!

"आत्या, हिला खरूज झाली वाटतं!" वर्षाली सासूला, सरूबाईंना, ओरडून म्हणाली. सगळा माल मातीत जायच्या आत तिनं कात्री उचलली, चिमीला मांडीवर दाबून धरलं आणि मानेपासून शेपटीपर्यंत अंगभर भादरून काढलं. लोकर पिशवीत, चिमी पिंजऱ्यात. सुटले बाई एकदाची, म्हणत ती चहा ठेवायला खाली गेली.

वर आली तर सरूबाई पिंजऱ्याशी डोळे फाडून बसलेल्या.

"वर्षाले, हे काय गं? उंदरं हायती का?"

जाळीवर पाच उघडीनागडी पिल्लं वळवळत होती. डिसेंबरचा गार वारा खालून सरळ त्यांच्या अंगाला लागत होता.

दोन्ही माद्या म्हणून घेतल्या होत्या की! सरूबाईंनी पिल्लं पदरात घेतली आणि वर्षालीनं ससे विकणाऱ्या शेखरला फोन लावला.

"भाऊ, खरं सांगा, पिंकी नर आहे का?"

"ताई, लहानपणी पटकन ओळखू येत नाही हो..."

पिंकी कसली, पिंट्या निघाला मेला! पण भांडायला वेळ होता कुठे? शेखर घाईघाईनं सांगू लागला. आई लोकर उपटते ती पिल्लांच्या गादीसाठी. ती सगळीच लोकर खोक्यात घाला, नाहीतर थंडीनं जातील. "पण लांब धागा घालू नका, पायाला आवळतो. कापसाचंही तेच. लोकर अगदी बारीक कापा. आणि ताई, आईनं जवळ केलं नाही तर काही खरं नाही."

बारीक कापा! म्हणजे कातायला उरणार काय, कप्पाळ? पिंट्याची तर गुंता झाला म्हणून गेल्याच आठवड्यात भादरून फेकली होती. वर्षाली पिशवीकडे बघत राहिली. तेवढ्यात फोन वाजला. पूर्वी मॅडम जवळच्या मॅगझीन चौकापर्यंत आली होती.

"आधी मॅडमला लोकर दे," सरूबाई म्हणाल्या. "पिल्लं काय, परत व्हतील. गिऱ्हाईक परत येनार न्हाई."

खोटं नव्हतं ते. पदरातल्या एका पिल्लानं तोंड उघडलं, पण आवाज काही निघाला नाही.

"आत्या, हिच्या पिल्लांचं पांघरूण मी ओरबाडलंय," ती म्हणाली आणि पिशवी उपडी केली.

तिनं पुन्हा कात्री उचलली. किती जपली होती ही लोकर! मूठ मूठ कापून ती खोक्यात टाकत होती, सरूबाई एकेक पिल्लू त्यात दडवत होत्या. शेवटचं पिल्लू अगदीच गार पडलेलं. सरूबाईंनी ते तळहातांत धरून तोंडाची वाफ दिली, तेव्हा कुठे त्यानं पाय ताणला.

पूर्वी मॅडम जिना चढून वर आली ती थबकलीच. "अहो, हे काय करताय तुम्ही?"

वर्षालीनं एका दमात सगळं सांगितलं. मॅडमनं खोक्यात वाकून पाहिलं. तिचा चेहरा क्षणभर निवळला, मग पुन्हा कठोर झाला.

"एक फोन तरी करायचा होता. एवढ्या लांबून आले मी."

"सुचलंच नाही हो. पुढची लोकर काही महिन्यांत..."

"मला आत्ता हवी होती. राहू दे, मी दुसरीकडे बघते."

ती उतरून गेली. वर्षालीनं तिला थांबवलंही नाही. खोकं पिंजऱ्यात सरकवून ती चिमीकडे बघत होती. भादरलेली चिमी कोपऱ्यात पाठ करून बसलेली. ये ना गं बाई. माझ्यावरचा राग त्यांच्यावर नको काढूस.

बराच वेळ गेला. मग चिमी वळली, खोक्याचा काठ हुंगला आणि टुणकन आत उतरली. पिल्लांवर ती वाकून उभी राहिली आणि लोकरीत चुळबुळ सुरू झाली.

वर्षालीला रडू कोसळलं. गिऱ्हाईक हातचं गेलं होतं, पिल्लं पीत होती, आणि हुंदका द्यायचीही सोय नव्हती, चिमी बिचकली असती. तिनं ओढणीचा बोळा तोंडात कोंबला आणि तशीच, आवाज न करता, रडत राहिली.