रोज बुडणारं शहर

कोंबड्यांना गावबंदी.

खारीच्या केसांचा कुंचला, हिरामणच्या खिशात, टोकावर टोपण.

दीड एचपीचा पंप.

बासरी ऐकली की घोडे नाचतात. बासरी शत्रूची असली तरी.

घोड्यांना डोळे नाहीत.

आता हे सगळं अष्टमी गावातल्या एका गणपतीच्या मांडवात आणा.

निकेश कंपनीत शिफ्ट करतो आणि मंडळाचा अध्यक्ष आहे. "पुलापलीकडं रोह्यात देखाव्याला सगळे किल्लेच करतात," तो म्हणाला. "आपण ग्रीकांचं शहर बुडवायचं!" शहराचं नाव सिबारिस. अडीच हजार वर्षांपूर्वीचं. श्रीमंती इतकी, की झोपमोड नको म्हणून कोंबडे वेशीबाहेर, रस्त्यांवर सावलीला छत, आणि घोड्यांना बासरीवर नाचायला शिकवलेलं. शेजारच्या क्रोटनवाल्यांनी लढाईत बासऱ्याच वाजवल्या. घोडे नाचले, स्वार पडले. मग त्यांनी नदी वळवून शहरावर घातली. असं सांगतात.

शहर घडवलं पेणच्या सुरभीनं. गणपतींचा कारखाना तिच्या बापाचा, हिरामणचा. पाच वर्षं ती साचे भरते, मूर्तींचे हात बसवते, रंग देते. डोळे नाही. डोळ्यांची आखणी हिरामणच करतो.

"दहा दिवस देखावा चालव," तो म्हणाला होता, "मग कुंचला तुझा."

तीनशे घरं! चाळीस घोडे! डोळ्यांची जागा तिनं कोरी सोडली, कारण तो हक्क अजून तिचा नव्हता.

पहिला दिवस, संध्याकाळचे सात. मांडव गच्च. बासरी सुरू झाली, मोटर फिरली, घोडे नाचले, पोरं किंचाळली.

"नदी सोडा!" निकेशनं पंपाकडं बघून हाक दिली.

पाणी छपरांवरून जायचं, मग खालच्या पाइपानं उतरायचं, शहर पुन्हा वर यायचं, आणि साडेसातला दुसरा खेळ. असं ठरलं होतं.

पाणी चढलं. घरांचे कोपरे गोल झाले. खांब खाली बसले. घोडे गुडघ्यांवर आले, पोटावर आले, गेले.

पाणी उतरलं. शहर नव्हतंच! नुसता राखाडी चिखल.

सुरभीला आत्ता उमगलं. तिनं शहर शाडूचं केलं होतं. पेणला हात आपोआप शाडूच्या पोत्याकडं जातो. आणि शाडूचं काम तेच चांगलं, जे पाण्यात लवकर विरघळतं.

"बांध फुटला गो! पळा!" पहिल्या रांगेतून खाडीकाठच्या खारेपाटातली धोंडुबाई ओरडली आणि सगळ्या रांगेनं पाय खुर्चीवर घेतले. मग हसू फुटलं. मग शिट्ट्या.

"माजी भाताची खाचरं अशीच गेली," धोंडुबाई म्हणाली. "पयल्यांदा कडा जातात. बरोबर दावलंव."

"आजी, हे चुकून झालंय," निकेश म्हणाला.

"चुकूनच व्हतं रं. मुद्दाम कोन बांध फोडतो?"

"परत! परत!" मांडव ओरडत होता.

"परत काय?" सुरभी रडकुंडीला आली. "शहरच नाय राहिलं!"

"उद्या सातपर्यंत होईल?" निकेशनं विचारलं. "रोज नवं, रोज बुडवू!"

"तीनशे घरं हायत, निकेशदादा!"

"छतं आम्ही करतो!" मागून बायका ओरडल्या. कुणी बादली आणली, कुणी बाह्या सारल्या.

सुरभीनं कडेला उभ्या बापाकडं बघितलं. हिरामणनं वाकून मूठभर चिखल उचलला, दाबला.

"माती मस्त भिजलीय. साचे हायत?"

"हायत."

"मग बघतेस काय गो?"

तिला एकदम हसू आलं. ती चिखलात उतरली, कोपरापर्यंत. पहिलं घर साच्यातून सुटलं तेव्हा पुन्हा शिट्टी वाजली.

हिरामणनं खिशातून कुंचला काढला, टोपण उघडलं आणि तिच्यापुढं धरला.

"आज बिचारे आंधळेच नाचले. उद्याच्या घोड्यांना डोळे काढ."

त्याच दिवशी सकाळी पेणहून निघताना टेम्पोत शाडूची नऊ पोती जास्तीची होती, आणि ती हिरामणनं चढवली होती.