तांबेबाई वाइन तपासतात

आम्रपाली तांबे शाळेतून निवृत्त झाल्या, पण तपासायची खोड काही निवृत्त झाली नाही. लग्नपत्रिका आली की आधी 'आर्शीवाद'चा 'आशीर्वाद' व्हायचा, मग ती फ्रिजवर लागायची. गल्लीतल्या टेलरला त्यांनी 'लेडिज'ची पाटी बदलायला लावली होती आणि तो बिचारा अजून त्यांना बघून आत सरकायचा. नवरा महेंद्र बंदर खात्यातून निवृत्त झालेला, शांत माणूस. तो वाणसामानाची चिठ्ठीसुद्धा लिहीत नसे. तोंडी सांगून मोकळा व्हायचा.

अशा या बाईंकडे एका सकाळी त्यांचा जुना विद्यार्थी विनीत आला. विनीतनं जहाजांवरच्या स्वयंपाकघरांत बरीच वर्षं काढली होती, आणि आता मांडवीच्या बाजूला 'जांभा' नावाचं स्टेकहाउस उघडलं होतं. चिऱ्याच्या भिंती, मंद दिवे, आणि असे कडक इस्त्रीचे नॅपकिन की मांडीवर ठेवायला भीती वाटावी. त्यानं बाईंपुढे चामडी पुठ्ठ्याची फाइल ठेवली.

"बाई, वाइनची यादी आहे. इंग्रजी नावं बघून आपली माणसं बिचकतात हो. मोठा डॉक्टर असू दे नाहीतर आंब्याचा व्यापारी, यादीवर कुठंतरी बोट ठेवतो आणि 'ही द्या' म्हणतो. म्हणून मराठीत केली. जरा नजर टाका."

"मराठीत कुणी केली?"

"मोबाइलनं."

बाईंनी चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचलं, "'लाल, कोरडी. नाकात चामडे आणि पेन्सिल. पूर्ण शरीर, सुंदर पाय, लांब शेवट.'"

महेंद्रनं पेपर खाली घेतला. "कोण हरवलंय?"

"हरवलं नाय काका, वाइन आहे ती," विनीत म्हणाला.

"कोरडी म्हणजे काय रे?" बाईंनी विचारलं. "पातळ पदार्थ कोरडा कसा असेल?"

"म्हणजे गोड नाही."

"मग 'गोड नाही' असं लिहायला काय झालं? आणि हे पाय कुणाचे?"

विनीतनं हातवारे करून समजावलं. ग्लास फिरवला की आतून ओघळ उतरतात, त्यांना पाय म्हणतात. बाईंनी ते ऐकून घेतलं, पण चेहऱ्यावरून असं दिसलं की ओघळांना पाय म्हणणाऱ्या माणसांबद्दल त्यांचं मत काही बरं झालेलं नाही. त्यांनी यादी शेवटपर्यंत तपासली आणि खाली गुण दिले. पस्तीसपैकी नऊ. त्यातले दोन छपाई स्वच्छ म्हणून.

"मी नव्यानं लिहून देते," त्या म्हणाल्या. "पण एक सांगून ठेवते. जे मला ठाऊक नाही त्याचं वर्णन मी करणार नाही."

वाक्य पुरं झालं आणि महेंद्रनं चमकून त्यांच्याकडे पाहिलं. कारण बाईंनी आयुष्यात दारूचा थेंब घेतला नव्हता. लहानपणी आजोबांच्या शेजारी बसून पंचशील म्हणायला लागल्या तेव्हापासून पाचवं शील, म्हणजे मादक पदार्थांपासून दूर राहण्याचं, त्यांनी कधी मोडलं नव्हतं. त्यातून येत्या पौर्णिमेला विहारात त्यांचं भाषण होतं, आणि विषयही नेमका तोच, पाचवं शील.

विनीत गेल्यावर महेंद्र खाकरला. "भाषेसाठी म्हणून मी घोटभर घेतली तर?"

"अहो!"

"नाय, आपलं विचारलं."

बाईंनी रात्रभर विचार केला. शील पिण्याबद्दल आहे, वास घेण्याबद्दल नाही, असं त्यांनी शेवटी ठरवलं. ठरवलं खरं, पण मग सकाळी एकच पातेलं त्या बराच वेळ घासत बसल्या.

शनिवारी दुपारी दोघं 'जांभा'त गेली. विनीतनं खिडकीजवळचं टेबल दिलं आणि बाईंपुढे सहा ग्लास मांडले, प्रत्येकात जेमतेम बुडाला पुरेल एवढी वाइन. महेंद्रनं सुरमईचा स्टेक मागवला. तो आला तेव्हा त्यानं दोन्ही बाजूंनी निरखून पाहिला.

"जाड तुकडी आहे ही," तो म्हणाला.

"तेच, काका."

"मग तुकडी म्हण की."

बाईंनी पहिला ग्लास उचलला, डोळे मिटले आणि नाक आत घातलं. पहिल्यांदा नुसती झिणझिणी आली. पण चाळीस वर्षं मुलांना 'निरीक्षण करा, मग लिहा' सांगणारी बाई एवढ्यानं हटते होय? त्यांनी पुन्हा वास घेतला आणि विनीतला विचारलं, "तू चाखून सांग. कशी आहे?"

विनीतनं घोट घेतला. "भारी आहे."

"भारी म्हणजे काय? नीट सांग."

"म्हणजे... मस्त."

"विनीत, तू दहावीला 'माझा आवडता ऋतू'सुद्धा असाच लिहिला होतास. जिभेला काय होतं ते सांग."

विनीतनं पुन्हा घोट घेतला आणि विचारात पडला. "जांभळं खाल्ल्यावर कशी जीभ ओढली जाते बाई, तशी होते. आणि मागून जरा मिरी."

"हे बघ. येतं की तुला!" बाईंनी आनंदानं लिहून घेतलं.

मग दोघांची गाडी सुरू झाली. बाई वास सांगायच्या, विनीत चव सांगायचा. एकीला त्यांनी पिकल्या काजूच्या बोंडाचा वास लिहिला. दुसरीला बंद कपाट उघडल्यावर येतो तो. मग बाईंनी तिसरा ग्लास नाकाशी नेला. सुकी फुलं, गूळ, आणि कुठंतरी लांब पेटलेला लाकडाचा विस्तव. त्यांनी तो ग्लास खाली ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. तुकडीत गुंतलेल्या महेंद्रनंही मान वर करून पाहिलं.

पाचव्या ग्लासात नाक असताना मागून आवाज आला, "जय भीम, बाई."

बाई एवढ्या दचकल्या की ग्लास कलंडून नाकाचा शेंडा वाइनमध्ये बुडाला. वळून बघतात तर विहाराच्या महिला मंडळाची चिटणीस मृणाली, तिचा नवरा आणि सासरचं सगळं खटलं उभं. कुणाचा तरी वाढदिवस होता. मृणालीनं सहा ग्लासांकडे पाहिलं, मग बाईंच्या लालभडक नाकाकडे.

"जय भीम," बाई म्हणाल्या. नाकावरून थेंब वहीवर पडला.

"तू समजतेस तसं काय नाय हां," महेंद्र मदतीला धावला. "ती पीत नाय. ती फक्त नाकानं घेते."

रविवारी सकाळी पहिला फोन पनवेलहून लेकीचा आला. "आई, सगळं ठीक आहे ना? बाबा काही बोलले का तुला?" शेजारच्या काकू लिंबू सरबत घेऊन आल्या आणि सरबत सकाळी घेतलं की उतरतं, असं हळूच सांगून गेल्या. दुपारी कुणीतरी व्यसनमुक्ती केंद्राचं पत्रक दाराखालून सरकवलं. त्यात शुद्धलेखनाच्या सात चुका होत्या. पण त्या दिवशी बाईंनी त्या दुरुस्तही केल्या नाहीत.

संध्याकाळी मृणाली स्वतः आली. खुर्चीच्या काठावर बसली. "बाई, पौर्णिमेला तुम्हाला बरं नसेल तर दुसरं कुणी बोलेल. मी कुणाला काय सांगितलं नाही हां."

"तू नाही सांगितलंस, मग पनवेलला कसं कळलं?"

"तिथं माझी नणंद असते," मृणाली पुटपुटली.

"मीच बोलणार आहे," बाई म्हणाल्या.

पौर्णिमेला विहार कधी नव्हे तो भरला. एरवी क्रिकेटच्या मॅचसाठी दांडी मारणारी मंडळीही पहिल्या रांगेत. वंदना झाली, बौद्धाचार्य दत्ताराम मोहित्यांनी बाईंचं नाव पुकारलं. बाई उभ्या राहिल्या आणि तयार केलेलं भाषण त्यांनी पर्समध्येच ठेवलं. विनीत घरी आला तिथपासून नाक बुडालं तिथपर्यंत सगळं त्यांनी जसंच्या तसं सांगितलं. 'सुंदर पाय' आले तेव्हा मागच्या बाकांवर हशा पिकला.

कोपऱ्यातून म्हाताऱ्या जाईबाईंनी हात वर केला. "आवं बाई, पन नाकानं घेतल्यावर शील मोडतं का नाय?"

सगळ्यांनी दत्तारामांकडे बघितलं. ते म्हणाले, "ते बाईंनाच विचारा. मनात काय आलं होतं ते त्यांनाच माहीत."

खोटं बोलायची चांगली संधी होती आणि कुणाला कळलंही नसतं.

"तिसऱ्या ग्लासाला एक घोट घ्यावासा वाटला," त्या म्हणाल्या. "फार वाटला. आजवर मी मुलांना व्यसनावर एवढी व्याख्यानं दिली, पण मोह म्हणजे काय ते मला तेव्हाच कळलं. तोवर मी न पिण्याचा उगाचच तोरा मिरवत होते. घोट घेतला नाही. पण दुसऱ्या दिवशीही त्या वासाची आठवण येत होती."

मग जाईबाई म्हणाल्या, "म्हंजे ऱ्हायलं. काठावर पास!"

हशा आणि टाळ्या एकदमच झाल्या. मृणालीनं सगळ्यात मोठ्यानं टाळ्या वाजवल्या, आणि चहाच्या वेळी बाईंचा कप तिनं स्वतः आणून दिला. कार्यक्रम संपल्यावर मासे उतरवायच्या जेटीवर काम करणारा एक माणूस बाईंजवळ आला. दारू सोडून त्याला वर्ष होत आलं होतं. "बाई, तुमी बोललात ना आठवन येते म्हून," तो म्हणाला, "तेवडंच बरं वाटलं." एवढं बोलून तो चप्पल शोधायला गेला.

यादी छापून आली ती पुढच्या आठवड्यात. पण तिच्यावरून आधी विनीतशी मोठा वाद झाला. सगळ्यात महागड्या बाटलीपुढे बाईंनी लिहिलं होतं, 'ओल्या गोणपाटाचा वास. चव आंबटसर. किंमत एवढी का, ते कळले नाही.'

"बाई, धंदा बसेल माझा!"

"गोणपाटाचा वास येतो की नाही?"

विनीतनं बाटली उघडली, हुंगली आणि मान खाली घातली. "येतो."

शेवटी किमतीचं वाक्य वगळायचं आणि गोणपाट ठेवायचं, असं ठरलं. झालं उलटंच. येणारा प्रत्येक जण यादी मोठ्यानं वाचायला लागला, हसायला लागला आणि गोणपाटाची बाटली मागवून तो वास खरंच येतो का ते बघायला लागला. डॉक्टर आपल्या बायकोशी पैज लावायचे. त्या बाटलीची पेटी विनीतला दुसऱ्यांदा मागवावी लागली.

महिनाभरानं त्यानं दोघांना जेवायला बोलावलं. बाई साध्या पाण्याचा ग्लास घेऊन बसल्या असताना पलीकडच्या टेबलावरचे एक सफारीतले गृहस्थ तावातावानं उठले. गोणपाट वगैरे काही नाही, आपण पंचवीस वर्षं वाइन पितो आहोत, ही यादी लिहिणारा कोण आहे तो, असं ते विनीतला विचारत होते. विनीतनं बाईंकडे बोट दाखवलं. गृहस्थ ग्लास घेऊन थेट टेबलाशी आले.

बाईंनी पाणी बाजूला ठेवलं, त्यांच्या हातातला ग्लास घेतला, डोळे मिटून वास घेतला आणि ग्लास परत केला.

"घाई करताय तुम्ही," त्या म्हणाल्या. "बसा. पुन्हा घ्या वास."

गृहस्थ बसले. महेंद्रनं आपली तुकडी हळूच जवळ ओढून घेतली, कारण आता तास लांबणार हे त्याला अनुभवानं माहीत होतं.