फोटोवरची बटणं

यंत्रं दुरून बंद करायला तिनं कारखान्यासाठी बनवलेल्या वेबपानावर सगळ्या शेडचा एकच फोटो होता, आणि त्यातल्या प्रत्येक यंत्रावर तिनं न दिसणारं बटण बसवलं होतं. फोटोतल्या यंत्राला बोट लावलं की खरं यंत्र बंद. मुकादम तर हरखूनच गेला. रोलरजवळचा, यंत्र तातडीनं थांबवायचा मोडका लाल खटका दुरुस्त करायचं त्यानं डोक्यातूनच काढून टाकलं. आणि ही शहाणी, जिचा सख्खा भाऊ त्याच रोलरवर कामाला, कौतुकानं फुगून घरी गेली!

मग मुकादमानं हौसेनं भिंतभर मोठा स्क्रीन आणला आणि पान नीट दिसतंय का बघायला तिला बोलावलं. ती केबिनमध्ये पाऊल टाकते न टाकते तोच शेडमधून किंकाळी आली. दादाची बाही रोलरमध्ये अडकली होती.

मुकादमानं फोटोतल्या रोलरवर बोट दाबलं. थांबला तो पलीकडचा पट्टा. त्यानं पुन्हा दाबलं, मग मुठीनं हाणलं. रोलर दादाला आत ओढतच होते आणि दादा गुरासारखा ओरडत होता.

तिच्या ध्यानात आलं. नव्या स्क्रीनवर फोटो ताणून रुंद झाला होता. बटणं मात्र तिनं कडेपासून मोजून पक्की ठोकलेली, ती जुन्याच जागी राहिली होती. मुकादमाला ढकलून तिनं रोलरच्या जुन्या जागी, आता फोटोतल्या कोऱ्या भिंतीवर, बोट दाबलं. रोलर थांबले. तोवर दादाचा हात कोपरापर्यंत चिरडला होता.

माणसं केबिनमध्ये घुसली. सगळ्यांत पुढे त्याच शेडमध्ये कामाला असलेला तिचा नवरा, हातात पहार. काचेतून त्यांना एवढंच दिसलं होतं, की मुकादम उभा आहे आणि रोलर चालू आहेत.

"माणूस मरतोय आणि तू चित्रं बघत बसतोस?"

"अरे, मी दाबलं होतं रे..."

पहिल्याच घावात मुकादमाचा गुडघा फुटला. तो पडल्यावर बाकीचे लाथांनी तुडवू लागले. स्क्रीनवर रक्त उडालं.

ती नवऱ्याच्या दंडाला लोंबकळली. "अहो, सोडा त्याला! त्यानं बरोबरच दाबलं होतं. बटणं मी चुकीची बसवली."

त्या गदारोळात हे दोघांनाच ऐकू गेलं, नवऱ्याला आणि त्याच्या पायाशी पडलेल्या मुकादमाला. मुकादमानं रक्त थुंकून तिच्याकडे बोट केलं. "हिनं... हिनंच..."

"पुन्हा हे कुणापुढे बोलू नकोस," नवरा तिला हळूच म्हणाला, आणि त्यानं पहार मुकादमाच्या तोंडावर घातली.