ढोलीतली चार पिल्लं

बोईसरकडच्या माहीमच्या वाडीत, चिकूच्या एका म्हाताऱ्या झाडाच्या ढोलीत दयाळ पक्ष्यांच्या जोडीनं चार पिल्लं काढली होती. काळा-पांढरा नर आणि राखी मादी दिवसभर चोचीत अळी धरून येत, ढोलीत शिरत, रिकाम्या चोचीनं बाहेर पडत. वाडी सांभाळणाऱ्या सुलूबाई हातातलं काम ठेवून बघत बसायच्या. यंदा चिकूच्या कळ्या पोखरणाऱ्या अळीचा सुळसुळाट होता.

"पाखरंच खातील की," त्या लेकाला म्हणाल्या.

"किती खातील, आई? निम्म्या कळ्या गेल्या," प्रणव म्हणाला. बोईसरच्या कारखान्यातून त्याला एकाच दिवसाची सुट्टी होती. "आज फवारलं नाय तर पुढच्या आठवड्याला काय उरणार नाय."

ते त्यांना पटलं. पंपात पाणी त्यांनीच ओतलं. प्रणवनं ढोलीचं झाड तेवढं वगळलं.

दुपारी शेजारच्या झाडांखाली अळ्या टपाटप पडून वळवळू लागल्या. इतकी आयती शिकार नराला कधी मिळाली नव्हती. त्यानं एक उचलली आणि थेट ढोलीकडे उडाला. अळीतलं विष पिल्लांच्या पोटात जाणार, हे सुलूबाईंना उमगलं. त्यांनी झाडणी घेतली, बुंध्यांभोवती झाडून काढलं, अळ्या गोळा करून पुरल्या. पण फांद्यांवर लोंबणाऱ्या अळ्यांचं काय करणार? त्यांनी हुसकावलं की पाखरं दुसऱ्या बाजूनं यायची. खोबरं किसून ठेवलं, त्याकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नाही.

शेवटी शिडी लावून त्यांनी ढोलीच्या तोंडात फडक्याचा बोळा कोंबला. आत पिल्लं ओरडत होती. बाहेर मादी अळी धरून फडफडत होती.

"काढ तो बोळा, आई. उपाशी मरतील," प्रणव खालून म्हणाला.

"आन् काढला तर?"

तासाभरानं ओरडणं बारीक झालं, तसा सुलूबाईंनी बोळा ओढून काढला. मादी त्यांच्या खांद्याजवळून आत घुसली.

दुसऱ्या दिवशी प्रणव कामावर गेला. दहाच्या सुमाराला ढोलीतून आवाज येईनासा झाला. मादी आली, ढोलीच्या काठावर बसली, आत गेली आणि अळीसकट बाहेर आली. पुन्हा आत गेली. पुन्हा तशीच बाहेर. सुलूबाई शिडीला धरून उभ्या होत्या. वर चढून बघायचं त्यांच्यानं झालं नाही.

मादी फांदीवर बसली. बराच वेळ तिनं ती अळी चोचीत नुसती धरून ठेवली. मग स्वतःच गिळली.