पापडाच्या डब्याखालून

मित्रांनो, मी तळहाताएवढा एक जुना हब आहे. एके काळी पांढराशुभ्र होतो, आता पिवळट पडलोय. दातिवऱ्याच्या आनंदीबाईंच्या मागच्या दाराला एक चिमुकला सेन्सर चिकटवला आहे. दार उघडलं किंवा लावलं की तो मला बिनतारी हाक मारतो आणि मी ती इंटरनेटवरून बोईसरला, केदारच्या मोबाइलवर पोहोचवतो.

केदार हा बाईंचा एकुलता एक मुलगा, तिथल्या कारखान्यात कामाला. वडील गेल्यावर आई वाडी सोडायला तयार होईना, तेव्हा त्यानेच मला आणून लोखंडी कपाटावर बसवलं. पहाटे मोगऱ्याच्या कळ्या खुडायला आई मागचं दार उघडायची, की तिकडे मोबाइल वाजायचा. आई उठली, बरी आहे, एवढं कळलं की तो निवांत चहा घ्यायचा. बाई शेजारणींना मला कौतुकाने दाखवायच्या. तेव्हा मी मनातून फार फुगायचो.

पण हे कौतुकच माझ्या मुळावर आलं. खाऱ्या हवेने बाईंच्या नवऱ्याचा रेडिओ गंजून गेला होता. माझी तशी गत होऊ नये म्हणून त्यांनी पापडाचा रिकामा पत्र्याचा डबा माझ्यावर उपडा घातला. खाली लोखंड, वर पत्रा. माझा दिवा आत जळत होता, पण हाक ना आत येई, ना बाहेर जाई. असा जीव गुदमरला म्हणून सांगू!

सकाळी मोबाइल वाजला नाही की केदार फोन करायचा. बाई वाडीत आणि फोन घरात. मग तो ड्युटी टाकून बाइकवर धावत यायचा, तर आई मजेत कळ्या खुडत असायची. तो आला की मात्र बाई डबा झटकन काढून ठेवायच्या, पाहुणा आल्यावर सोफ्यावरची चादर काढतात तसा. त्याने सेन्सरचे सेल बदलले, राउटर बंद करून चालू केला, मला मोबाइलमधून काढून पुन्हा जोडलं. त्याच्यासमोर सगळं बिनबोभाट चालायचं. तो बोईसरला पोचला की पुन्हा मुका मी.

शेवटी तो थकला. एका रविवारी येऊन म्हणाला, "आई, आता माझ्यात धीर नाही. तू बोईसरलाच चल. फ्लॅट बंद असतो, खाली वॉचमन आहे, मला काळजी नाही."

बाईंनी बॅग भरली, मोगऱ्याला पोटभर पाणी घातलं. निघताना त्यांनी सवयीने मला पदराने पुसलं आणि वर डबा ठेवला. केदार मोबाइलवर कुलुपाआधीची शेवटची खात्री करत होता. मागचं दार त्यांनी त्याच्यासमोर लावलं, तरी मोबाइल गप्प. थोड्या वेळाने स्क्रीनवर आलं, हब ऑफलाइन. त्याने वर पाहिलं. डबा उचलला, दार उघडलं, मोबाइल वाजला. डबा ठेवला, दार लावलं, पुन्हा गप्प.

"आई, हा डबा रोज असतो यावर?"

"मग? खाऱ्या हवेत उघडा कसा ठेवू? जपायला नको?" बाई म्हणाल्या. मग बॅगेकडे बघत हळूच म्हणाल्या, "तू पण मला जपायलाच चाललायस ना, डब्यात?"

मला तर वाटलं, माझंच दुःख कुणीतरी बोलून दाखवलं. केदारने बॅग उचलली आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवली. त्या संध्याकाळी मायलेकांनी मिळून कळ्यांचे गजरे केले.

आता माझ्यावर बाईंच्या जुन्या लुगड्याचं झिरझिरीत फडकं असतं. त्यातून हाक आरपार जाते. केदारही आता केवळ माझ्यावर विसंबत नाही, दुपारी आईला स्वतः फोन करतो.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना जपा, धूळ पुसा, सेल वेळेवर बदला. आपल्या माणसांनाही जपा. पण वरून झाकण घालण्याआधी एकदा विचारा, आत गुदमरतंय का. आम्हाला ते सांगता येत नाही. माणसांना येतं, पण पुष्कळदा ती बोलत नाहीत, निमूटपणे बॅग भरतात.