लाल मेणाच्या गोळ्या

एस्टिल स्टँपरनं आयुष्यात एकच मोठा मूर्खपणा केला. त्याच्या बापानं लढाईवरून आणलेली जर्मन रायफल त्यानं लग्नात जावयाला देऊन टाकली. पुढं खाणीतल्या कोळशाच्या धुळीनं छाती भरून तो मेला, आणि त्या मूर्खपणाचं निस्तरणं बायकोच्या गळ्यात पडलं.

बायको डेल्फिया. केंटकीच्या डोंगरात, एका अरुंद दरीच्या तोंडाशी तिचं घर. दरीच्या वरच्या टोकाला मुलगी ट्रेसा आणि जावई रॉन्डल स्कॅग्ज. रॉन्डल दिसायला राजबिंडा, चारचौघांत बोलायला गोड आणि घरात हात उचलायला तयार. त्यानं ट्रेसाचं मनगट मोडलं तेव्हा ती म्हणाली, पायरीवरून पडले. दात पडला तेव्हाही पायरीच. त्या घराला पायऱ्या होत्या दोन.

रॉन्डलला बंदूक चालवायची हौस दांडगी, पण काडतुसं भरायचा कंटाळा. ते काम सासूकडं. घरात साचा एकच होता, जर्मन रायफलच्या जाड गोळीचा. एस्टिलची स्वतःची हरणं मारायची बंदूक बारीक नळीची, पण तिच्यासाठी दुसरा साचा विकत घेणं त्याच्या जिवावर यायचं. म्हणून तो जाड गोळीच दाबून बारीक करायचा. गोळीला मेण नि चरबी चोळायची, प्रेसचा दांडा ओढून तिला पोलादी डायच्या, म्हणजे भोक पाडलेल्या ठोकळ्याच्या, भोकातून ढकलायची, मग आणखी बारीक भोकाच्या दुसऱ्या डायमधून. एका दमात दाबली तर शिसं ओरबाडतं. नुसत्या डोळ्यांना जाड-बारीक कळत नाही, म्हणून त्यानं एक चाल पाडून ठेवली होती. जाड गोळीच्या खाचेत लाल मेण, बारीक गोळीच्या खाचेत साधं पिवळं. लाल रंगासाठी ट्रेसाच्या शाळेतले मेणाचे खडू वितळवले होते. त्या लाल मेणाची डबी अजून अर्धी भरलेली होती.

पानगळ सुरू झाली तेव्हा एका सकाळी ट्रेसा बरगड्यांवर हात दाबून खाली आली. ओठ फुटलेला. डेल्फिया मक्याची भाकरी तव्यावर टाकत होती, ती तशीच राहिली.

"काल त्यानं रायफल माझ्या तोंडात घातली, आई," ट्रेसा म्हणाली. "चाप ओढला. खट् वाजलं फक्त. मग हसत बसला. म्हणतो, काडतुसं संपलीत म्हणून वाचलीस, उद्या तुझ्या आईकडून आणतो."

"परत जायचं नाही तू. इथंच राहा."

"राहिले तर तो इथं येईल. आधी तुला मारेल, मग मला."

"शेरीफच्या माणसाला सांगते."

"सांग की. तो आणि रॉन्डल दर शनिवारी एकत्र मासे पकडतात."

भाकरी करपली. डेल्फियानं ती कुत्र्यालाही टाकली नाही, चुलीत घातली. मग शेडमध्ये जाऊन शिशाचं भांडं तापत ठेवलं.

बंदुकीची दारू न भरता काडतूस देऊन भागणार नव्हतं. रॉन्डल प्रत्येक काडतूस कानाशी हलवून बघायचा आणि एक तिथंच झाडून बघायचा. फसवलंय असं त्याला कळलं असतं तर संध्याकाळी ट्रेसा जिवंत दिसली नसती. तेव्हा काडतूस खरं हवं आणि गोळी खोटी हवी. डेल्फियानं गोळ्या ओतल्या, मेण चोळलं, पहिल्या डायमधून दाबल्या. दुसऱ्यातून दाबल्याच नाहीत. ना जर्मन रायफलीच्या, ना हरणांच्या बंदुकीच्या, अधल्यामधल्या मापाच्या अशा त्या गोळ्या झाल्या. गोळीला पीळ देणारे जर्मन रायफलच्या नळीतले आटे त्यांना धरणार नव्हते. त्या नळीतून खुळखुळत निघणार आणि हवेत कोलांट्या खात जाणार, नेम कितीही पक्का असो. मग तिनं पुंगळ्यांची तोंडं जरा जास्त आवळली, गोळ्या घट्ट बसवल्या आणि खाचांत लाल मेण भरलं. हे शेवटचं करताना तिला हसू आलं. एस्टिल असता तर चिडला असता आणि मग त्यालाही हसू आलं असतं.

रॉन्डल दुपारी आला. टोपी मागं सरकवून म्हणाला, "काय सासूबाई, भरलीत का माझी औषधं?"

"भरली. खोकला असेल तर दोन घे."

"जीभ तेवढी तिखट आहे तुमची. पोरगी मात्र अळणी निपजली." त्यानं एक काडतूस कानाशी हलवलं, मेणाचा रंग बघितला, रायफलमध्ये घातलं आणि कुंपणाच्या जवळच्या खांबावर झाडलं. खांबाची ढलपी उडाली. त्याचं तेवढ्यानं समाधान झालं. बाकीची खिशात कोंबून तो गेला.

डेल्फिया खांबापाशी गेली. भोक गोल नव्हतं. गोळी आडवी पडून आत घुसावी तसं लांबट, कुलपाच्या भोकासारखं होतं. ती इतकी खूश झाली की कुत्र्याला चीज दिलं.

ट्रेसा आतल्या खोलीतून बाहेर आली. डेल्फियानं तिला ते भोक दाखवलं आणि सगळं समजावून सांगितलं. "जवळ येऊ द्यायचं नाही त्याला. लांबून ती रायफल म्हणजे काठी आहे नुसती. समजलं? काठी."

"त्याला ठाऊकच नाही?"

"कुठून ठाऊक असणार? त्याला रंग तेवढे कळतात."

ट्रेसा खदाखदा हसली. बरगड्या धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. लग्नानंतर डेल्फियानं तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. त्या हसण्यासाठी तिनं आणखी शंभर गोळ्या दाबल्या असत्या.

ट्रेसा परत गेलीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी रॉन्डलचा ट्रक धूळ उडवत दरीतून खाली आला. डेल्फिया व्हरांड्यात हरणांची बंदूक मांडीवर घेऊन बसली होती. ट्रेसाला तिनं तळघरात जायला सांगितलं होतं.

रॉन्डल फाटकाबाहेरच उतरला, ट्रकच्या दाराआड उभा राहिला आणि रायफल सरळ डेल्फियावर रोखली.

"बाहेर काढ तिला, म्हातारे. नाहीतर तुला आधी उडवतो."

"ती कुठं येत नाही. घरी जा आणि स्वतःची भांडी स्वतः घास."

त्यानं चाप ओढला. पाण्याचं पिंप फुटलं, डेल्फियापासून चांगलं दोन हात लांब. रॉन्डलनं रायफलीकडं पाहिलं, शिवी दिली आणि दुसरी गोळी घातली. ती छपराच्या पत्र्याला भोक पाडून गेली. डेल्फिया जागची हलली नाही. त्याचं डोकं तिच्या नेमात होतं. तेव्हाच तिनं चाप ओढायला हवा होता. पण पोर घरात असताना पोरीच्या नवऱ्याला मारायचं तिच्या मनाला पटेना. झाडू दे सगळी, असं तिनं ठरवलं. खिसा रिकामा झाला की दांड्यानं बडवून काढू आणि हाकलू.

आणि तेवढ्यात ट्रेसा घराच्या बाजूनं बाहेर आली.

तळघरात ती बसलीच नव्हती. अक्रोडाच्या झाडापाशी, सगळ्यांना दिसेल अशी उभी राहिली, कमरेवर हात ठेवून. "काय रे रॉन्डल? माझ्या तोंडात घातलीस तेव्हा लई शूर होतास! आता म्हातारीसुद्धा लागत नाही? चष्मा लाव मेल्या, चष्मा!"

"ट्रेसा, आत जा!" डेल्फिया ओरडली.

"कशाला? काठी आहे ती, तूच म्हणालीस!"

रॉन्डलचा चेहरा लालेलाल झाला. पण त्यानं रायफल वळवली नाही. ती डेल्फियाच्या छातीवरच रोखलेली होती, हे तिनं नंतर शपथेवर सांगितलं. चाप ओढला गेला. डेल्फियाला काहीच झालं नाही. अक्रोडाच्या झाडापाशी ट्रेसानं तोंड उघडलं ते पुढच्या शिवीसाठी, आणि गळ्याच्या एका बाजूनं रक्ताची चिळकांडी उडून झाडाच्या काळपट सालीवर सांडली. ती झाडाला टेकली. हळूहळू, पाठ घासत, खाली बसली.

डेल्फियानं चाप ओढला. पिवळ्या मेणाची गोळी ट्रकच्या काचेतून जाऊन रॉन्डलच्या डोळ्याखाली लागली. तो पडला, गुडघ्यांवर उठायला गेला, तिनं पुन्हा झाडली. तो उताणा पडल्यावर ती फाटकापर्यंत चालत गेली आणि जवळून तिसरी घातली. त्याची गरज नव्हती. तिला ती घालायचीच होती.

मग बंदूक टाकून ती झाडाकडं धावली. भोकावर दोन्ही हात दाबले. रक्त बोटांच्या फटींतून गरम गरम येत राहिलं. ट्रेसा बोलायचा प्रयत्न करत होती, ओठ हलत होते, आवाज नव्हता. आई काय म्हणत होती ते तिला ऐकू आलं की नाही, कोण जाणे. डेल्फिया एकच म्हणत होती, "हे नव्हतं गं करायचं, हे नव्हतं करायचं." थोड्या वेळानं रक्त यायचं थांबलं.

शेरीफचा माणूस, बर्ल, दुपारी आला. त्यानं रॉन्डलकडं पाहून नजर वळवली आणि ट्रेसापाशी येऊन टोपी काढली. बराच वेळ वाकून तो जखम बघत राहिला.

"हे असं लांबट कसं? आणि तो तुमच्यावर रोखून होता म्हणता, मग गोळी इतकी आडवी इकडं कशी आली?"

डेल्फिया जमिनीवर बसली होती, मुलीचं डोकं मांडीवर घेऊन. बर्लनं खिशातला चाकू काढून अक्रोडाच्या बुंध्यातून गोळी उकरली. वाकलेली, चेपलेली. तिच्या खाचेत लाल काहीतरी होतं. तो अंगठ्यानं पुसायला लागला.

"रक्त सुकून बसलंय," तो म्हणाला. "निघत नाही."

"रक्त नाही ते," डेल्फिया म्हणाली. "ट्रेसाचा खडू आहे. पहिलीत होती तेव्हाचा."