दादाची वाटी

"यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो," मी म्हणालो.

"'दादा घरीही रांधतो' हे तुमचं वाक्य खरं मानून मी या घरात आले, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "एकदा विश्वास ठेवला तेवढा पुरे."

दादा गेल्यानंतर आम्ही पहिल्यांदाच पोरीच्या हॉटेलात जेवायला बसलो होतो. पोरगी म्हणजे दादाची मुलगी. टेबल तेच, कोपऱ्यातलं. दादाची खुर्ची कुणी हलवली नव्हती आणि तिच्यावर कुणी बसतही नव्हतं. जावयाने आपला कोटसुद्धा तिच्यावर न टाकता मांडीवर घेतला होता. घास कुणालाच जात नव्हता. अशा वेळी माझ्यासारख्याने तोंड उघडायचं नाही तर कधी उघडायचं?

तर दादाची जीभ. कारखान्याच्या कँटीनमध्ये त्याने उभा जन्म आचारी म्हणून काढला. बटाटा चाखून तो कोणत्या शेतातला ते सांगायचा, आणि लावणीच्या दिवशी शेतकऱ्याचं बायकोशी वाजलं होतं का, तेही. एकदा रस्त्यापलीकडच्या घरात मीठ कमी पडलंय हे त्याने वाऱ्यावरून ओळखलं आणि मला मिठाची पुडी देऊन पिटाळलं. त्या बाईने पुडी घेतली ती डोळे पुसतच.

"कांदा चिरत असेल," जावई म्हणाला.

अशा माणसाला ताप आला. ताप उतरला तो जीभ घेऊनच उतरला. साखर काय आणि वाळू काय, दादाला दोन्ही सारखीच. हे त्याने फक्त मला सांगितलं, तेही न्हाव्याकडे, तोंडभर साबण असताना, म्हणजे चेहरा दिसायला नको. "आता मी कोण उरलो रे?" एवढंच म्हणाला. घरी मात्र सोंग काढलं. ताटात पडेल त्याला उत्तम म्हणायचं.

"जन्मात कधी कौतुक नाही, आणि एकाएकी रोज कौतुक," वहिनी म्हणाल्या. "मला वाटलं, ह्यांचं बाहेर काहीतरी चालू आहे."

एकदा चहात साखरेऐवजी मीठ पडलं. पठ्ठ्याने कप संपवून मिशा पुसल्या. पोरगी समोरच बसली होती. तिने आपला कप तसाच खाली ठेवला.

पुढे पोरीने हे हॉटेल काढलं. बापाच्याच हाताखाली शिकलेली ती. आधी इथे सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. भिंतींना दोनदा रंग दिला तरी ग्रीसचा वास हटेना. सगळं तयार झालं, पाटी तेवढी भिंतीला टेकून उभी. बाबा चाखून हो म्हणतील तेव्हाच पाटी चढेल, असा तिचा हट्ट. म्हणून उघडायच्या आधी एका संध्याकाळी फक्त घरच्यांना जेवायला बोलावलं.

निघताना दादाने मला जिन्यात गाठलं. "खरं सांगितलं तर मी संपलो. आणि न कळताच छान म्हणालो नि चव बिघडलेली निघाली, तर पोरगी संपली."

मग आमचं ठरलं. मी आधी चाखायचं आणि टेबलाखालून त्याचा पाय दाबायचा. एकदा दाबला तर उत्तम, दोनदा दाबला तर मीठ कमी.

सूप आलं. आमच्या वाट्या वाढप्याने आणल्या. दादाची मात्र पोरीने स्वतः आणली, दोन्ही हातांत धरून. मी चमचाभर तोंडात घातलं आणि जिवात जीव आला. एकदा पाय दाबला. तो वहिनींचा निघाला.

"भाऊजी, पाय आवरा," असं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, आठवत असेल.

दुसऱ्या खेपेला दादाचा सापडला. त्याने घोट घेतला, डोळे मिटले, पूर्वी मिटायचा तसेच.

"मीठ नेमकं," तो म्हणाला. "बोट ठेवायला जागा नाही."

"नक्की ना, बाबा?"

"माझ्या जिभेवर शंका घेतेस?"

पोरगी हातातल्या फडक्याला पीळ देत उभी राहिली. दादाने वाटी तळापर्यंत संपवली. मग ती आत गेली, ती बराच वेळ आली नाही. आली तेव्हा डोळे लाल.

"कांदा," ती म्हणाली, आणि स्टुलावर चढून तिने पाटी लावली. स्टूल दादानेच धरलं होतं.

इथवर मी सांगितलं आणि पाहिलं, तर वहिनींनी चमचा खाली ठेवला होता.

"म्हणजे शेवटपर्यंत त्यांना माझ्या हातचं काहीच लागत नव्हतं," त्या म्हणाल्या. विचारलं नाही, नुसतं म्हणाल्या.

"अहो, तिथेच तर खरी गोष्ट आहे," मी म्हणालो. "विश्वास बसणार नाही म्हटलं ते यासाठीच. त्या पहिल्या घोटाला दादाची जीभ परत आली. घरी जाताना माझा दंड धरून म्हणाला, 'अरे, तुझ्या पायाची गरजच नव्हती. मीठ लागलं मला. स्वच्छ लागलं.' त्यानंतर जाईपर्यंत प्रत्येक घास त्याने चवीने खाल्ला, वहिनी. तुमच्या हातचा प्रत्येक."

वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या. विश्वास बसायला लागला होता. इतकी वर्षं थापा मारल्यावर तेवढं मला कळतं. त्यांनी चमचा पुन्हा उचललासुद्धा.

पोरगी दादाच्या खुर्चीमागे उभी होती, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून.

"काका," ती म्हणाली, "बाबांच्या वाटीत मी मीठ घातलंच नव्हतं."